केल्टिक चिन्हांचा दागिना: अर्थ वाचण्याचा, घालण्याचा आणि कोरून घेण्याचा क्रम

केल्टिक म्हणजे आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स अशा भागांतल्या केल्ट लोकांच्या परंपरेतलं. अशा चिन्हाचा दागिना घेताना सुरुवात बहुधा उलट्या टोकापासून होते. ‘प्रेमाचं चिन्ह’, ‘शक्तीची गाठ’ असं काहीतरी शोधायचं, पहिलं आवडलेलं चित्र उचलायचं आणि सोनाराला किंवा ऑनलाइन दुकानाला पाठवून द्यायचं. दागिना घरी आल्यावर मग गाठ अर्धवट निघते, अंगठी ‘मी मोकळी आहे’ असं सांगत असते किंवा नावाची अक्षरं उलटी कोरलेली असतात. आधी आकार, मग त्याचं वय, मग अर्थ आणि सगळ्यात शेवटी ऑर्डर, हा क्रम पाळला तर यातल्या बहुतेक चुका टळतात.

उच्चाराचं एवढ्यातच सांगून टाकतो: शब्द ‘केल्टिक’ आहे. ‘सेल्टिक’ हा ग्लासगोच्या फुटबॉल क्लबच्या नावाचा उच्चार.

## तयारी

हाताशी ठेवा: दहापट मोठं दाखवणारं भिंग (सोनार वापरतात तेच), मिलिमीटरची पट्टी, अर्धा सेंटिमीटर रुंदीची कागदाची पट्टी, पांढरा कागद, शिसपेन्सिल आणि दातकोरणी. दागिना ऑनलाइन बघत असाल तर समोरून सरळ काढलेला फोटो आणि मागच्या बाजूचा फोटो दुकानदाराकडून मागवा. तिरप्या फोटोत वेटोळ्यांची दिशा आणि गाठीतलं वर-खाली नीट कळत नाही.

कागदावर तीन रकाने आखा: ‘दिसतं काय’, ‘नाव कोणी दिलं’, ‘अर्थ कोणाचा’. बाजारातली वर्णनं या तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात मिसळतात. तुम्ही त्या सुट्या ठेवा.

## पायरी १: आकार कागदावर उतरवा

चिन्हाचं नाव विसरा आणि नुसती रेघ पहा. दागिन्यावर दातकोरणीचं टोक ठेवून रेघेवरून फिरवा आणि मोजा: टोकं किती सुटी आहेत, हात किती, रेघ स्वतःला किती ठिकाणी ओलांडते, निघालेल्या जागी परत येते का.

तीन पाकळ्यांची ‘ट्रिक्वेट्रा’ घ्या. तिच्यात एकच रेघ असते, ती तीन ठिकाणी स्वतःला ओलांडते आणि सुरुवातीला येऊन मिळते. तिच्यातून वर्तुळ गुंफलेलं असेल तर रेघा दोन होतात आणि छेद नऊ: तीन मूळचे, सहा वर्तुळाचे. प्रत्येक छेदावर रेघ एकदा वरून, पुढच्याला खालून गेली पाहिजे. रांगोळीत रेघ दुसऱ्या रेघेखालून काढताना आपण जशी तोडून पुन्हा सुरू करतो, तशी ही रचना आहे.

तपासा: सलग दोन छेदांवर रेघ वरूनच गेली असेल तर साचा चुकलेला आहे. स्वस्त ओतीव दागिन्यांत हा दोष फार सापडतो आणि नंतर घासून किंवा कोरून तो जात नाही. असा दागिना घेऊ नका.

## पायरी २: कुटुंब ओळखा

सुटी वेटोळी एका मध्याभोवती फिरत असतील तर ते ट्रिस्केलचं कुटुंब: तीन सर्पिलं किंवा तीन वाकडे हात. न तुटणारी गुंफण असेल तर गाठीचं. उभा लांब दांडा आणि छेदाभोवती कडं असेल तर केल्टिक क्रूस. मध्ये चौकोनी विणकाम आणि त्यातून थोडे सरकून निघालेले चार हात असतील तर संत ब्रिजिडचा क्रूस. हा मूळचा लव्हाळ्याचा विणतात, म्हणून चांगल्या दागिन्यात काडीच्या पट्ट्या आणि हातांच्या टोकांना बांधल्याच्या खुणा दिसतात. दोन हातांनी धरलेलं मुकुटधारी हृदय म्हणजे क्लॅडा. पीळ दिलेलं, समोरून उघडं, टोकांना गोळे असलेलं कडं म्हणजे टॉर्क. आपल्याकडच्या हसळीच्या जवळचा हा प्रकार.

दोन चिन्हांत घोटाळा होतो. मुकुटधारी हृदय आहे पण हात नाहीत, आणि ते ब्रोचवर आहे, तर ते क्लॅडा नसून स्कॉटलंडचं ‘लकनबूथ’ असण्याची शक्यता जास्त. एडिनबराच्या सेंट जाइल्स चर्चजवळच्या कुलूपबंद दुकानांवरून ते नाव पडलं. तेही प्रेमाचंच चिन्ह, पण क्लॅडाचे घालण्याचे नियम त्याला लागू नाहीत.

दुसरा घोटाळा आपल्या डोळ्यांचा. ब्रिजिडचा क्रूस किंवा फिरत्या हातांची नक्षी दिसली की मराठी माणूस ‘स्वस्तिक’ म्हणतो. स्वस्तिकाचा आकार केल्टिक कलेत खरोखर आहे. ब्रिटिश म्युझियममधल्या बॅटरसी ढालीवरच्या लाल मिन्याच्या कामात तो दिसतो. पण म्हणून आपला अर्थ तिकडे लावता येत नाही. उजवीकडे वळलेलं शुभ आणि डावीकडे वळलेलं अशुभ, हा नियम ट्रिस्केलला लावणारा एकही प्राचीन केल्टिक लेख नाही.

## पायरी ३: आकार आणि नाव, दोघांचं वय वेगळं काढा

‘हजारो वर्षांपूर्वीचं केल्टिक चिन्ह’ ही ओळ दिसली की इथे थांबा. काही पक्के टप्पे लक्षात ठेवले की पुरतं.

तिहेरी सर्पिल आयर्लंडच्या मीथ परगण्यातल्या न्यूग्रेंजच्या दगडांवर आहे. ते स्मारक इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराचं, म्हणजे केल्टिक कलेच्या खुणा त्या बेटावर दिसू लागण्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षं आधीचं. तो आकार आयर्लंडचा नक्कीच; मुळात केल्टिक म्हणणं चूक. वाकड्या हातांचं ट्रिस्केल मात्र ला तेन या प्राचीन केल्टिक कलाशैलीचं, साधारण इसवी सनापूर्वी ४५० पासून पुढचं. गुंफलेल्या गाठी आयरिश हस्तलिखितांत आणि धातूकामात सातव्या ते नवव्या शतकात बहरल्या. गुंफण त्याआधी रोमन फरशांवर आणि इजिप्तच्या कॉप्टिक (तिथल्या जुन्या ख्रिस्ती लोकांच्या) कामातही होती. कडं असलेले उंच दगडी क्रूस याच काळात आणि त्यानंतर उभे राहिले. आयर्लंडमधल्या मोनास्टरबॉइस आणि क्लॉनमॅकनॉइसला ते आजही आहेत.

क्लॅडा अंगठी सतराव्या शतकाच्या शेवटाची. तीन किरणांचं ‘आवेन’ हे तथाकथित ड्रुइड (प्राचीन केल्टिक पुजाऱ्यांचं) चिन्ह वेल्सचे कवी इओलो मॉर्गान्वग यांनी रूढ केलं, आणि ते १८२६ मध्ये वारले. मुळं आणि फांद्या गुंफून वर्तुळ करणारं ‘जीवनवृक्ष’ पदक याहूनही अलीकडचं. झाडांना पवित्र मानणं जुनं आहे, हे रेखाटन नाही.

नावांचं तर विचारूच नका. ‘दारा गाठ’, ‘सेर्ख बिथॉल’ ही नावं आधुनिक बाजारानं चिकटवलेली आहेत. पहिल्यात ओकचा आयरिश शब्द आहे आणि दुसऱ्याचा वेल्श अर्थ ‘चिरंतन प्रेम’. पण मध्ययुगीन कारागीर आपल्या गाठींना ही नावं देत होते याचा पुरावा नाही. ही रीत जुनीच आहे. आठव्या शतकाच्या सुमाराचा प्रसिद्ध ‘तारा ब्रोच’ १८५० मध्ये बेटिस्टाउनच्या किनाऱ्याजवळ सापडला. जुन्या आयरिश राजांच्या तारा टेकडीशी त्याचा संबंध नव्हता. डब्लिनच्या एका जवाहिऱ्यानं प्रतिकृती खपाव्यात म्हणून राजेशाही नाव दिलं, आणि ते कायमचं बसलं.

## पायरी ४: अर्थाला वजन द्या

आता तिसरा रकाना भरा. प्रत्येक अर्थापुढे तीनपैकी एक शब्द लिहा: ‘रूढ’, ‘धार्मिक’ किंवा ‘आधुनिक’.

रूढ: लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला अर्थ. क्लॅडात हृदय म्हणजे प्रेम, हात म्हणजे मैत्री, मुकुट म्हणजे निष्ठा. ब्रिजिडचा क्रूस घराच्या रक्षणासाठी, विशेषतः आगीपासून, १ फेब्रुवारीच्या सणाला विणून दारावर लावतात.

धार्मिक: कड्याचा क्रूस ख्रिस्ती आहे. ट्रिक्वेट्रा आज पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यासाठी वापरली जाते. तीच नवमूर्तिपूजक (ख्रिस्तपूर्व धर्म आज नव्यानं पाळणारे) गटही आपल्या अर्थानं घालतात. भेट देताना समोरच्याचा धर्म ठाऊक असेल तर इथे विचार करा.

आधुनिक: ‘न तुटणारी रेघ म्हणजे अनंतकाळ’, ‘तीन सर्पिलं म्हणजे भूत, वर्तमान, भविष्य’, ‘चार कोपऱ्यांची गाठ म्हणजे संरक्षण’. ज्यांनी ही नक्षी काढली त्यांनी अर्थ लिहून ठेवले नाहीत. आधुनिक अर्थ घालायला काहीच हरकत नाही. आपण तो मनापासून देतो तेव्हा तो आपला असतो. फक्त चिठ्ठीवर ‘प्राचीन केल्ट लोक असं मानत’ असं लिहू नका.

इशारा: आखूड, सारख्या लांबीच्या हातांचा क्रूस वर्तुळात बसवलेला असेल आणि नक्षी काहीच नसेल तर तो घेऊ नका. युरोप-अमेरिकेत गोरे वर्चस्ववादी गट हेच रूप वापरतात, आणि जर्मनीत त्याच्या सार्वजनिक वापरावरून कायदेशीर अडचण येऊ शकते. लांब दांड्याचा, गुंफणीचा क्रूस निर्धास्त घाला.

## पायरी ५: क्लॅडा घालण्याची दिशा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण लोक मुकुटाकडे बघून दिशा ठरवतात. पाहायचं ते हृदयाचं खालचं टोक. मुकुट नेहमी त्याच्या विरुद्ध बाजूला असतो.

दोन प्रश्न विचारा. हात कोणता? डावा हात म्हणजे नातं ठरलेलं, साखरपुडा किंवा लग्न. टोक कुठे? मनगटाकडे असेल तर ‘मन दिलेलं आहे’. त्यावरून चारही स्थिती निघतात:

1. उजवा हात, टोक नखाकडे: मोकळी किंवा मोकळा.
2. उजवा हात, टोक मनगटाकडे: प्रेमात.
3. डावा हात, टोक नखाकडे: साखरपुडा झालेला.
4. डावा हात, टोक मनगटाकडे: विवाहित.

म्हणजे एकच अंगठी साखरपुड्याला घालून लग्नाच्या वेळी त्याच बोटात फिरवता येते. दोन अंगठ्या घ्यायची गरज नाही.

तपासा: सेल्फी बघून ठरवू नका. बऱ्याच फोनचा पुढचा कॅमेरा आरशासारखा चालतो आणि डावा हात उजवा दिसतो. अंगठी प्रत्यक्ष हातात पाहूनच पक्कं करा.

आईनं मुलीला किंवा मैत्रिणीनं मैत्रिणीला क्लॅडा देणं तिकडे सर्रास चालतं. तेव्हा ती उजव्या हातात घालतात. आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मुलीनं आवडली म्हणून डाव्या हातात, टोक मनगटाकडे अशी घातली तर सहकारी ‘लग्न कधी झालं’ असं विचारतील, आणि त्यात त्यांची चूक नाही. मुकुट नसलेली अंगठी दिसली तर ती तुटलेली समजू नका. तो ‘फिनियन क्लॅडा’ नावाचा वेगळा प्रकार आहे.

## पायरी ६: माप, आणि ते आधी का

आयर्लंड-ब्रिटनमध्ये अंगठीची मापं इंग्रजी अक्षरांत असतात, आपल्याकडे आकड्यांत. मध्ये एकच गोष्ट भरवशाची: आतला घेर मिलिमीटरमध्ये. कागदाची पट्टी बोटाला गुंडाळा, जिथे मिळते तिथे खूण करा आणि मोजा. घेरातून ४० वजा केले की भारतीय माप येतं: ५४ मिमी म्हणजे १४. अमेरिकेत हेच साधारण ७, तर आयरिश अक्षरांत ‘एन’ आणि ‘ओ’च्या दरम्यान. माप संध्याकाळी घ्या. सकाळी गार हाताचं बोट बारीक असतं. पेराचाही घेर मोजा आणि तो जास्त असेल तर दोघांच्या मधलं माप धरा.

सहा मिलिमीटरपेक्षा रुंद पट्टा घट्ट बसतो, म्हणून अर्धं ते एक माप मोठं घ्या.

इशारा: गाठीची नक्षी पूर्ण वेढ्यावर असेल तर अंगठी नंतर लहान-मोठी करता येत नाही. सोनार ती कापून तुकडा काढेल किंवा घालेल, आणि ‘न तुटणारी’ रेघ तिथेच तुटेल. मापाची खात्री नसेल तर मागचा एक तृतीयांश भाग साधा ठेवलेली अंगठी घ्या. क्लॅडाचा मागचा भाग सहसा साधाच असतो, त्यामुळे ती सुधारता येते.

टॉर्क कड्याचं तोंड साधारण २५ मिमी पुरतं. ते फाकवून घालू नका. मनगटाच्या अरुंद बाजूनं एक टोक आत सरकवा आणि मग कडं फिरवा. रोज फाकवलेली चांदी कडक होत जाते आणि पिळाच्या मध्यावर मोडते.

## पायरी ७: ओघम लिपीत नाव कोरणं

ओघम ही आयर्लंडची जुनी, रेघांची लिपी. तिच्या नावाचा आजचा आयरिश उच्चार ‘ओअम’च्या जवळ जातो. आपल्या ॐशी तिचा काहीही संबंध नाही, तसं सांगून विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. साधारण चौथ्या ते सातव्या शतकातले सुमारे चारशे ओघम दगड आयर्लंड आणि पश्चिम ब्रिटनमध्ये उरले आहेत आणि त्यांवर मुख्यतः माणसांची नावंच आहेत. म्हणून नाव कोरून घेणं हा या लिपीचा सगळ्यात प्रामाणिक उपयोग.

रचना सोपी आहे. मध्ये उभा कणा, त्यावर एक ते पाच रेघांचे गट. वाचन खालून वर.

- कण्याच्या उजवीकडे १ ते ५ रेघा: ब, ल, व (किंवा फ), स, न.
- डावीकडे १ ते ५: ह, द, त, क, क्व.
- तिरक्या, आरपार: म, ग, ङ, झ (रोमन झेडसाठी), र.
- आडव्या सरळ, आरपार: अ, ओ, उ, ए, इ.

आडवं कोरायचं असेल तर डावीकडून उजवीकडे वाचायचं. तेव्हा ‘उजवीकडच्या’ रेघा खाली येतात आणि ‘डावीकडच्या’ वर.

आता ‘तारा’ हे नाव घ्या. खालून वर: डावीकडे तीन रेघा, आरपार सरळ एक, तिरक्या पाच, पुन्हा सरळ एक. कारागिरानं चित्र आरशासारखं उलटवलं तर डावीकडच्या तीन रेघा उजवीकडे जातात आणि ‘तारा’चं ‘वारा’ होतं. पदकाची कडी चुकीच्या टोकाला लावली, म्हणजे सगळं उलटं टांगलं, तर ‘आराव’ वाचलं जातं. साचा आणि छाप या कामांत चित्र उलटतं, म्हणून हे घडू शकतं.

उपाय दोन. सुरुवातीला बाणाच्या पिसासारखी खूण कोरून घ्या. हस्तलिखितांत ती वापरलेली आहे. अंगठीवर तर ती हवीच, नाहीतर वेढ्यात नाव कुठे सुरू होतं ते कळत नाही. दुसरं, अंतिम चित्रावर ‘वर’ आणि ‘उजवी बाजू’ असं मराठीत लिहून द्या.

मूळ वीस अक्षरांत प, ज, य नाहीत, महाप्राण नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घही नाही. ‘प’साठी नंतरच्या काळात वेगळी खूण जोडली गेली, ‘य’साठी ‘इ’ वापरतात. मीरा, सोहम, लता, तारा ही नावं सहज बसतात. ‘प्राजक्ता’ ओढूनताणून बसते. संकेतस्थळावरचे रूपांतरक न सांगता अक्षर बदलतात, त्यामुळे निकाल वरच्या तक्त्याशी एकेक रेघ मोजून जुळवा.

आयरिश शब्द रोमन लिपीत कोरताना: ‘माझं प्रेम’मध्ये ‘मो’ नंतरच्या ‘जी’ला ‘एच’ लागतो आणि शेवटच्या ‘ए’वर उजवीकडे झुकलेली रेघ हवी. ती रेघ शोभेची नसते, स्वर दीर्घ करते. ‘अनम कारा’ आज ‘जिवाचा सखा’ म्हणून विकतात. जुन्या आयरिशमध्ये तो शब्द कबुलीजबाब ऐकणाऱ्या धर्मगुरूसाठी होता. प्रियकराला देण्याआधी हे माहीत असू द्या.

## पायरी ८: ऑर्डर आणि शिक्के

सोनाराकडून घडवणार असाल तर गुंफणीची पट्टी एक मिलिमीटरहून बारीक ठेवू नका, आणि २२ कॅरटचा हट्ट सोडा. मऊ सोन्यात उठावाची कडा झिजून वर-खालीचा फरक काही वर्षांत नाहीसा होतो. १८ किंवा १४ कॅरट, अथवा ९२५ चांदी योग्य. भारतात सोन्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक पहा आणि तो क्रमांक बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून पडताळा.

आयर्लंडहून घेत असाल तर डब्लिन अॅसे ऑफिसचा (धातूची शुद्धता तपासणाऱ्या कचेरीचा) शिक्का म्हणजे बसलेली हायबर्निया ही स्त्री-आकृती. एडिनबराचा शिक्का म्हणजे किल्ला. नुसतं ‘९२५’ हा करणाऱ्याचा दावा असतो, तपासणीचा शिक्का नव्हे. मात्र ब्रिटनमध्ये ७.७८ ग्रॅमपेक्षा हलक्या चांदीला आणि १ ग्रॅमपेक्षा हलक्या सोन्याला शिक्क्यातून सूट आहे, त्यामुळे लहान पदकावर तो नसला तर लगेच खोटं समजू नका. ‘आयरिश डिझाइन’ आणि ‘आयर्लंडमध्ये बनवलेलं’ यांत फरक आहे. दुकानदाराकडून दुसरं वाक्य लेखी घ्या.

## पायरी ९: हातात आल्यावर

पहिल्या पायरीतलं रेखाटन शेजारी ठेवा आणि पुन्हा रेघ फिरवा. भिंगाखाली छेद मोजा, ओघमच्या रेघा मोजा, कडी कोणत्या टोकाला आहे ते पहा. क्लॅडाच्या हृदयाचं टोक आणि हातांच्या कडा जुन्या मऊ सुती कापडावरून फिरवा. धागा अडकला तर पॉलिश करून मागा.

चांदीच्या गाठीतला काळेपणा बहुधा मुद्दाम दिलेला असतो, त्यामुळेच रेघ उठून दिसते. चांदी उजळवायच्या द्रावात बुडवली की तो एका मिनिटात जातो आणि नक्षी सपाट दिसू लागते. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, आणि उठावाच्या भागावर फक्त कोरडं कापड. मिन्याचं काम असेल तर अल्ट्रासोनिक यंत्रात टाकू देऊ नका. दुकानातला मुलगा सवयीनं टाकतो, म्हणून देतानाच सांगा.